मास्तरांनी शांततेच्या मिनिटात वाजवलं

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमची कंबरदुखी आणि मामींचा राग, दोन्ही ओसरले असतील अशी आशा आहे. मी ठणठणीत. मध्यंतरी पोट बिघडलं होतं, पण ते काळजीने, आणि काळजी आता मिटली आहे. मामा, आपण जिंकलो!

शाळा अर्धवट सोडणाऱ्याला वहीचं काय एवढं कौतुक, असं तुम्ही म्हणाला होता. त्या वहीमुळेच मला सिनेमात काम मिळालं. आधीच्या शॉटमध्ये हिरोचा मफलर कुठल्या खांद्यावर होता, दाढी किती वाढलेली होती, हे मी टिपून ठेवतो. सिनेमा आहे फुटपाथवर राहणाऱ्या, मनाने आजारी असलेल्या एका वादकाचा. हिरोला व्हायोलिन धरता येईना (इस्त्री धरल्यासारखं धरायचा), म्हणून मी मास्तरांना आणलं. ते खरोखरच पुलाखाली राहतात आणि खरोखरच वाजवतात. त्यांच्या डोक्यात एक बाई सारख्या बोलतात. गोळ्यांनी त्यांचा आवाज उतरतो, पण त्या थांबत नाहीत. आमची दोस्ती वर्षभराची. मी कुलूप दहादा ओढून बघतो, याला न हसणारे तेवढे एकच.

हिरोला त्यांनी झकास शिकवलं, पण सिनेमात ऐकू येणारं व्हायोलिन त्यांनीच वाजवायचं ठरलेलं असताना स्वतः चार लोकांत एक सूर काढेनात. बाई नको म्हणतात, एवढंच उत्तर. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शकांनी मला बजावलं, संध्याकाळपर्यंत वाजवलं नाही तर उद्या दुसरा वादक येईल, आणि तू वही घेऊन घरी जायचं. मी मास्तरांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. ते म्हणाले, "मला काय सांगतोस? बाईंना सांग." मी खरोखर हात जोडून त्यांच्या डाव्या कानाला विनंती केली. (चहावाला बघत होता.)

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, हा पोरगा कामातून गेलाय."

आता ऐका. आमच्यात एक पद्धत आहे. शूटिंग आटोपलं की आवाजवाले दादा, पुढे संवादांच्या मागे जोडायला, त्या जागेची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करतात. तेव्हा हलायचं नाही, खोकायचं नाही. चाळीस माणसं पुतळ्यासारखी उभी (माझ्या नाकावर माशी), आणि मास्तरांनी व्हायोलिन उचललं! दिग्दर्शकांनी डोळे वटारले, पण ओरडणार कोण? नियम त्यांचाच. कॅमेरावाल्याने गुपचूप बटण दाबलं. मिनिट सरलं, चार मिनिटं झाली, कुणी हललं नाही. हिरो इतका रडला की रंगवलेली दाढी हनुवटीवरून ओघळली. शेवटी मास्तर म्हणाले, "एवढी माणसं गप्प झाली, म्हणून बाईही ऐकायला बसल्या." दिग्दर्शकांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, सिनेमात हेच वाजणार, आणि पडद्यावर मास्तरांचं नाव हिरोच्या शेजारी!

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : करारावर पत्त्याचा रकाना होता. मास्तरांनी "पूल" असं सांगितलं. कारकुनाने नाक मुरडलं, म्हणून मी तुमचा पत्ता लिहिला, घरनंबरासकट.

ता. क. २ : माझ्या हातून कागदावर कधी खोटं उतरत नाही, हे तुम्ही जाणताच. तेव्हा ते खरं करणं तुमच्या हाती आहे. मागची खोली रिकामीच असते. तुमचा नकार असेल तर पत्राने कळवावं. पत्राला चार दिवस लागतात. हे पत्र हाती पडल्यापासून दोन दिवसांत आम्ही दोघं पोचतो.