प्रिस्काचा डबा

९ नोव्हेंबर, रविवार
सेलिन, आधी तारीख टाक. मागल्या खेपेस विसरलीस, आणि आजीला लिहितावाचता येत नाही म्हणून गावभर सांगतेस. लग्नाचं वय झालं, पेनाचं टोपण कुठं ठेवलं ते आठवत नाही.

चर्चच्या हॉलमध्ये मुका सिनेमा बघितला. मधेमधे इंग्रजी पाट्या. सेलिन कानात वाचायला लागली, तिला गप्प केलं. तोंडं दिसतात की. नवऱ्याला बढती हवी, म्हणून बायको साहेबाकडे जेवायला जाते. मग हार घेते, मग रडते. आता कशाला रडतेस? पहिलं ताट घेतलंस तेव्हाच विकली गेलीस. असल्या बाईला आमच्या सांडोर गावात कोणी पाणी विचारणार नाही.

निश्चय: माझ्या नातीचं लग्न पैशाकडे बघून होणार नाही. तिला गॅब्रिएल मास्तर आवडतो. पगार बेताचा, कान मोठे. चालेल. घरात शेवटचा शब्द माझा.

११ नोव्हेंबर
प्रिस्काने डबा पाठवला. डुकराचं इंदेल, व्हिनेगरात शिजवलेलं, झणझणीत. कामणला गोडाऊनं आहेत तिची, आणि मुलगा सिप्रियन लग्नाचा. सेलिनवर डोळा आहे. मला विकत घेणार? खाल्लं, कारण अन्न टाकणं पाप. डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून आपली सुकेळी, घरच्या उन्हात वाळवलेली केळी, भरून पाठवली. फिटंफाट.

१४ नोव्हेंबर, दुपार
परत इंदेल. परत सुकेळी. सेलिन म्हणते, आजी, घेऊच नकोस. म्हटलं, बाय, खाऊनसुद्धा वाकायचं नाही, ही खरी ताकद. सिप्रियन अगदीच टाकाऊ नाही, हे आपलं उगाच. सेलिनने पेन आपटलं.

१९ नोव्हेंबर
व्हिनेगर आज बरोबर पडलं होतं. सुकेळी संपत आली.

२३ नोव्हेंबर, मिस्सेनंतर
प्रिस्काने चर्चच्या पायरीवर मिठी मारली. म्हणाली, विहीणबाई, जानेवारीतला हॉल मिळाला. डबा दर वेळी भरून आला, तो त्यांनी होकार धरला. मागे गॅब्रिएल उभा, कान लाल. सेलिन माझ्याकडे बघत राहिली. पाटी नव्हती, तरी वाचता आलं.

संध्याकाळ
सेलिन म्हणते, पहिलं ताट, आजी. हे लिहायला मी सांगितलेलं नाही.

ठरलं. प्रिस्काचा डबा धुऊन, रिकामाच, मी स्वतः नेऊन देणार आणि तोंडावर सांगणार, नात गॅब्रिएलची. गुडघे दुखतात, तेव्हा सेलिनने जावं. येताना गॅब्रिएलच्या आईला निरोप द्यावा: होकार दिलाय, फुकट. फक्त रविवारी इंदेल पाठव. व्हिनेगर बेताने, चरबीचे तुकडे जास्त. डबा मोठा घे.