बिनशाईचं झबलं

प्रिय सायो,

कोफूहून तू पाठवलेली सुकी पर्सिमनं पोचली. यांनी निम्मी पेटी एका बैठकीत फस्त केली आणि वर मलाच ऐकवलं, "तुझ्या बहिणीनं यंदा हात आखडता घेतलाय हं!" मी उरलेली लपवून ठेवली आहेत.

येतं वर्ष घोड्याचं, त्यामुळे आमच्या कविमंडळात भांडणांना ऊत आला होता. नववर्षाला आपसांत वाटायला कवितांसकट छापायच्या घोड्याच्या चित्रात प्रत्येकाला आपलीच कविता घोड्याच्या तोंडाशी हवी. शेवटी सोयासॉसवाले गेन्शिचीकाका, आमचे म्होरके, ओरडले, "अरे, घोडा काय तुमच्या कविता खाणार आहे?" सगळे इतके हसले की भांडण तिथंच मिटलं. यंदा खर्च आमच्या घरचा, म्हणून चित्र काय असावं ते मी ठरवलं. विकायचं नसतंच, मग कंजुषी कशाला? जाड, मऊ कागद घेतला. खेळण्यातला लाकडी घोडा, त्याच्या लगामावर चमकती पितळेची पूड आणि मागे दांडीवर टाकलेलं लहानसं पांढरं झबलं.

झबल्याला रंग नाही. छापणारे क्यूबेई कोरलेल्या ठशाला शाई लावतच नाहीत. ओलसर कागद त्यावर ठेवून कोपरानं अंगाचा सगळा भार देतात. "तोसेबाई, तुमच्या या झबल्यापायी माझं कोपर कामातून जाणार बघा," अशी त्यांची कुरकुर चालू होती. आमचे हे म्हणाले, "शाईच नाही, तर कोरा कागदच वाट की!" समोरून पाहिलं तर खरंच कोरा वाटतो. खिडकीशी नेऊन तिरका धरला की तागाच्या पानांची नक्षी दिसू लागते.

ती नक्षी तू ओळखशील. बाळ तागासारखं भराभर वाढावं म्हणून उनोसुकेच्या झबल्यावर तूच ती टाके घालून काढली होतीस. तो गेल्याला दोन हिवाळे झाले. तुझ्या पत्रांत लोणची असतात, सासूबाईंची कंबर असते, त्याचं नाव कधीच नसतं. आणि आम्हा सगळ्यांत सुरेख लिहिणारी तू, तुझी कविताही नसते.

हे झबलं कुणाचं, ते मंडळात कुणालाच ठाऊक नाही. नमुन्याची एकच प्रत काढली आहे, ती सोबत पाठवते. बघवत नसेल तर तसं कळव. क्यूबेई ठशावर रंधा मारतील, तिथं प्लमची फांदी येईल, कुणी काही विचारणार नाही. बघवलं, तर झबल्याखालची जागा मी कुणालाही दिलेली नाही. तुला काही सुचलं तर लिही, नाहीतर ती रिकामीच राहू दे. मात्र हे सगळं तुझ्यासाठीच केलं, असं मला म्हणवत नाही गं. तू बाळंतपणाला इथं होतीस तेव्हा तो माझ्याही कुशीत झोपायचा. मलाही त्याची फार आठवण येते, सायो, आणि ते सांगायला तुझ्याशिवाय मला कुणी नाही.

तुझीच,
तोसेताई