हौश्याची सूट

जालना,
९ जून २०२४

तीर्थरूप दादांस, सोमेश्वरचा साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे सर्व खुशाल. दीड तासाच्या अंतरावरून पत्र लिहितोय म्हणून हसू नका. फोन तीनदा लावला. हौश्या बैलाचा पाय कसा आहे एवढंच विचारून ठेवून दिला. पुढचं लिहूनच सांगतो.

दादा, हौश्या लंगडला तो माझ्यामुळे. आपल्या सालगड्याचा, साहेबरावांचा, त्यात काहीही दोष नव्हता.

मे महिन्यात घरी हसनाबादला आलो, तेव्हा आमच्या बियाण्याच्या कंपनीत ‘मिळून काम कसं करावं’ यावर मला बोलायचं होतं. म्हटलं, आपल्या बैलांचा व्हिडिओ दाखवू. साहेबराव भाकरी खायला बसले, मी फोन बांधावर उभा केला आणि हौश्या-लाख्याला वखराला जुंपलं. जुवाला वखर बांधायची मधली दोरी लाख्याकडे सरकलेली दिसली. मला वाटलं, वाकडी बसलीय. ती नीट मधोमध आणून बांधली. वळणावर तरण्या लाख्यानं जोर केला आणि म्हातारा हौश्या गुडघ्यांवर आला. तुम्ही विचारलंत तेव्हा मी ठोकून दिलं की सकाळी साहेबरावांनी जुंपल्यापासूनच तो लंगडतोय.

अठरा वर्षं आपल्याकडे सालानं राहिलेल्या माणसाला तुम्ही चारचौघांत नाही नाही ते बोललात. त्याच संध्याकाळी ते लेकीकडे मंठ्याला निघून गेले. मी ओट्यावर बसून वहिनींनी दिलेले पोहे खात होतो. लिहितानाही लाज वाटते.

परवा भाषण झालं. दोघांवर सारखं ओझं हाच खरा न्याय, असं ठणकावलं. टाळ्याही पडल्या. नंतर कप गोळा करता करता आमचे शिपाई ख्वाजामियाँ यांनी हळूच विचारलं की साहेब, म्हाताऱ्याला सूट दिली न्हवती का? मग त्यांनीच समजावलं. दोरी तगड्या बैलाकडे सरकवली की जास्त भार त्याच्यावर येतो आणि थकलेला त्याच्या जोडीनं चालू शकतो. मी शेतकऱ्याच्या घरचा, आणि हे मला कचेरीत कळलं!

साहेबरावांना परत आणा. मला काय बोलायचं ते बोला. वहिनींना नमस्कार. राग ओसरल्यावर थोडी माया शिल्लक असू द्यावी.

तुमचा धाकटा,
सोमेश्वर


हसनाबाद,
१५ जून २०२४

चि. सोमेश्वरास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब झालास, माईकवर बोलतोस, आणि जुवाची दोरी ठाऊक नाही! पण तुझी वहिनी म्हणाली की भावजींना शिव्या देण्याआधी स्वतःकडं बघा. तिनं ताट वाढलं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मंठ्याला गेलो. साहेबराव अंगणात दावं वळत बसले होते. तुझं पत्र वाचून दाखवलं, तर त्यांना सगळं आधीच माहीत होतं. त्या दिवशी मधोमध बांधलेली दोरी त्यांनी पाहिली होती, आणि जाण्याआधी ती पुन्हा लाख्याकडं सरकवूनही ठेवली होती. मग बोलला का नाहीत, असं विचारलं. म्हणाले की धाकले मालक चार दिवसाचे पाहुणे, लोकांपुढं त्यांची इज्जत कशाला घालवायची. तुझ्यावर त्यांचा बिलकुल राग नाही.

मी म्हटलं, उद्यापासून कामावर या. त्यावर म्हणाले की आता न्हाई जमायचं मालक, अठरा सालं संगं काढली, अन् ‘साहेबराव, काय झालं?’ असं तुम्ही मला एकदाबी इचारलं न्हाई.

त्यांनी चहा पाजला, एसटीपर्यंत सोडायला आले, गाडीत रुमाल टाकून जागा धरून दिली.

जालन्यात गाडी बदलली, पण तुझ्या घरी आलो नाही. तुला तोंड दाखवावंसं वाटेना. स्टँडवर बसल्या बसल्या ध्यानात आलं होतं की मी गेलो होतो माफी मागायला, आणि ‘कामावर या’ एवढंच सांगून परत निघालो.

पुढच्या रविवारी तुझ्याकडं येतो, मिळून मंठ्याला जाऊ. या दादाला पदरात घे.

धर्मराज