फालेमेच्या अलीकडे, पलीकडे

तांबाकुंडा,
१० सप्टेंबर १९६०

ती. माकांदादास सादियोचा सलाम.

घरी सगळे बरे आहेत. माझंच डोकं ठिकाणावर नाही. जूनमध्ये सेनेगल आणि आपला फ्रेंच सुदान एका झेंड्याखाली स्वतंत्र झाले, तेव्हा मीही टाळ्या पिटल्या. ऑगस्टमध्ये मोठ्यांचं बिनसलं आणि आता म्हणे दोन देश! कायेसची गाडी सरहद्दीवरच्या किदिराच्या पुढे जात नाही. हे अकरा वर्षं इथे सिग्नल सांभाळताहेत, आणि परवा कुणीतरी त्यांना विचारलं, तुम्ही मूळचे कुठले?

माझे दिवस भरत आलेत. मागच्या दोन्ही खेपांना आई गाडीत बसली की दुसऱ्या दिवशी इथे. आता हे पत्रसुद्धा पार समुद्रकाठच्या आबिजानच्या वळशाने जाणार. आईला घोर लावू नकोस.

लोभ आहेच, तो तरी सरहद्दीवर अडू नये.
सादियो

कायेस,
२२ ऑक्टोबर १९६०

चि. सादियोस अनेक आशीर्वाद.

नव्वद कोसांवरचं तुझं पत्र सहा आठवड्यांनी काल मिळालं. शाळेत निरीक्षक आले होते. फालेमे नदीवरून नकाशावर लाल रेघ ओढा म्हणाले. मी विचारलं, दोन्ही काठांना एकाच घरची माणसं राहतात, ती कुठे दाखवू? म्हणाले, हा भूगोलाचा प्रश्न नाही. मग कुणाचा?

आईला पत्र वाचून दाखवताना मी तारीख गाळली. तिने ती विचारून घेतली, बोटांवर दिवस मोजले आणि गाठोडं बांधायला घेतलं. कागदपत्रं होईपर्यंत थांब म्हटलं, तर म्हणाली, "भांडण पुढाऱ्यांचं. लेक माझी." आज सकाळी शेंगांच्या ट्रकवर बसून गेली. मी रागाने निरोपही धड घेतला नाही. पोचली का ते कळव, जिवाला चैन नाही.

तुझा दादा,
माकां

तांबाकुंडा,
२ डिसेंबर १९६०

ती. दादास सलाम.

तुझं काळजीचं पत्र काल आलं. आई सव्वीस ऑक्टोबरलाच पोचली! पत्र ऐकून ती पोट धरून हसली.

होडीवाल्याने तिला नदी पार करून दिली. या काठावर शिपायाने अडवून विचारलं, तू कुठल्या देशाची? ती म्हणाली, "हा रूळ टाकायला माझ्या बापाला धरून नेलं, तेव्हा कुणी विचारलं नाही तो कुठला ते." किदिराच्या गाडीपर्यंत गाठोडं त्या शिपायानेच आणून दिलं.

मी तुला सप्टेंबरात पत्र टाकलं त्याच आठवड्यात मला मुलगी झाली. आठव्या दिवशी नाव ठेवलं, तेव्हा तिच्या कानाशी आजी नव्हती. हा राग मी कुणावर काढू? आणि परवा साहेबाने ह्यांना सांगितलं, तुम्ही परके, सोमवारपासून येऊ नका. अकरा वर्षांनी परके! घर रिकामं करायला चार दिवस दिलेत.

आई म्हणते, रडत बसू नका, होडीवाला ओळखीचा झालाय. तिन्ही मुलांना घेऊन आम्ही निघतो. अंगण झाडून ठेव. उत्तर पाठवू नकोस दादा, बहुधा या पत्राच्याही आधी आम्हीच दारात असू.

सादियो