विरोधाची शक्यता: नगण्य

सोमवार, ३ मार्च

दीडपट! थेट दीडपट!

पहाटे डेपोत पाऊल टाकलं तर फलकासमोर ही गर्दी. बसभाडं दीडपट करायचा प्रस्ताव, पाच वर्षांसाठी. कारण काय, तर नवी रेल्वे. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणार, कोंडी फुटणार. निम्मा खर्च सरकार देणार. उरलेला? आमच्या बसमधली माणसं देणार! जी रेल्वे अजून कागदावर आहे, तिचे पैसे आत्तापासून भरायचे – तेही बसमध्ये उभं राहून. हरकती असतील तर चौदा तारखेला जाहीर सुनावणी, सकाळी अकरा वाजता.

खाली सही. ती बघितली आणि काही सुचेना. ताईची सही. माझ्या सख्ख्या बहिणीची. ती वाहतूक नियोजनात मोठ्या खुर्चीवर आहे हे डेपोत सगळ्यांना ठाऊक. कंट्रोलर माझ्याकडे बघून म्हणाला, “घरचंच कार्य दिसतंय!” सगळे हसले. मी गाडीची चावी घेतली आणि निघाले.

मंगळवार, ४ मार्च

पहिल्या फेरीला काचवाली नेहमीसारखी माझ्या केबिनमागच्या सीटवर. ऑफिसांच्या उंच इमारतींत काचा पुसते. अशा पंधरा-वीस जणी आहेत, सगळ्या या पहाटेच्या बसच्या. साहेबलोक यायच्या आत आतल्या काचा उरकायच्या, मग दुपारपर्यंत बाहेरच्या.

म्हणाली, “ड्रायव्हरबाई, मला दोन बस लागतात. दोन्ही दीडपट?”

“दोन्ही.”

“म्हणजे तिप्पट?”

“नाही हो. दोन्ही मिळून दीडपटच.”

“मग ठीक.” पुढच्या थांब्याला स्वतःच – “ठीक कसलं डोंबल!”

नऊच्या फेरीला पुलावर अडकले, चाळीस मिनिटं. माझ्या सीटवरून खालच्या मोटारींच्या आतलं सगळं दिसतं. मुद्दाम मोजल्या. एकतीस मोटारी, त्यातल्या अठ्ठावीसमध्ये एकेकटं माणूस. एक जण आरशात बघून दाढी करत होता! माझ्या मागे बहात्तर माणसं, दरवाज्यात लोंबकळणारी धरून. वाट कोणी अडवली? त्या अठ्ठावीसांनी. पैसे कोण देणार? हे बहात्तर!

गुरुवार, ६ मार्च

एक म्हातारे गृहस्थ दोन थांबे आधीच उतरले. म्हणाले, “आत्तापासून चालायची सवय करतो.” मला वाईट वाटायला लागलं होतं. पण नको. रागच बरा.

रविवार, ९ मार्च

ताई आईला भेटायला आली. मोटारीनं, अर्थातच. एकटी.

मी ठरवलं होतं, जेवण होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. पहिल्या घासालाच उघडलं.

“ही सही करताना तुझा हात थरथरला नाही?”

“रेल्वे हवी का नको ते सांग आधी,” ती म्हणाली. अगदी थंड. लहानपणापासून तशीच – मी आदळआपट करायची आणि ही थंडपणानं जिंकायची.

“हवी. पण पैसे मोटारवाल्यांकडून घ्या.”

“घेणार होतो. सकाळच्या वेळी शहराच्या मध्यभागात शिरणाऱ्या मोटारींवर शुल्क. नुसती कुणकुण लागली तर आठ दिवसांत त्यांची संघटना रस्त्यावर. वकील, मोर्चे, सगळं. तुमचे बसवाले येतात कधी सुनावणीला?”

“अकरा वाजता? अकरा वाजता ते कामावर असतात, ताई! मोटारवाल्याला ऑफिसातून उठून यायला कोण विचारतं? काचवालीचा खाडा होतो.”

आई म्हणाली, “दोघींनी ताटं उचला आणि भांडण गच्चीत न्या.” आम्ही ताटं उचलली. भांडण तिथंच राहिलं. ताई लवकर गेली.

टेबल पुसताना दिसलं – ताई ऑफिसची फाइल विसरली होती.

वाचायची नव्हती. वाचली. दोन पर्याय शेजारी शेजारी. मोटारींवरच्या शुल्कातून सगळा हिस्सा निघतो, वर उरतो, आणि रस्त्यावरच्या मोटारीही कमी होतात. भाडेवाढीतून जेमतेम भागतं. आणि शिफारस भाडेवाढीची! शेवटच्या रकान्यात कारण होतं, छापील अक्षरांत:

मोटारधारक – विरोधाची शक्यता: तीव्र.
बसप्रवासी – विरोधाची शक्यता: नगण्य.

नगण्य. म्हणजे मोजायचीसुद्धा गरज नाही. तीस सेकंद उशीर झाला तर माझा उद्धार करणारे लोक हे! यांना नगण्य म्हणतात!

सोमवार, १० मार्च

ताईला फोन केला – फाइल राहिली आहे. म्हणाली, “राहू दे. बुधवारी नेते.” बस्स, एवढंच.

ते पान हातानं उतरवून काढलं. दोनदा. एक प्रत डब्याच्या पिशवीत ठेवली.

बुधवार, १२ मार्च

ताईनं फाइल नेली. माझ्याकडे बघितलं नाही.

पहाटे काचवालीला ते पान दाखवलं. तिला वाचायला वेळ लागतो, म्हणून मीच वाचून दाखवलं. ‘नगण्य’ म्हणजे काय, तिनं विचारलं. सांगितलं. उतरताना म्हणाली, “शुक्रवारी किती वाजता म्हणालात?”

शुक्रवार, १४ मार्च

आजचं आजच लिहायला हवं.

रजा टाकून गेले. गणवेशात. मला वाटलं होतं चार-पाच जणी येतील. सभागृहाचं दार उघडलं तर भिंतीला लागून माणसंच माणसं! काचवाली आणि तिच्या सगळ्या जणी, हॉस्पिटलच्या आया, बेकरीतले कामगार पीठ लागलेल्या कपड्यांनी, ते दोन थांबे चालणारे म्हातारे गृहस्थसुद्धा. अर्ध्या दिवसाचा पगार सोडून आलेले. खुर्च्या कमी पडल्या. शिपाई विचारत होता, “सगळे हरकतीलाच आलात?” काचवाली म्हणाली, “नाही, काचा बघायला आलोय. फार घाण आहेत.”

व्यासपीठावर मधोमध अध्यक्ष. त्यांच्या डाव्या हाताला ताई.

प्रत्येकाला दोन मिनिटं. माझं नाव पुकारलं. मी पान काढलं आणि वाचलं. दोन्ही पर्याय, मग शेवटचा रकाना. ‘नगण्य’ म्हटलं. आणि सभागृहात जो आवाज उठला!

अध्यक्ष उभे राहिले. “हा अंतर्गत कागद तुमच्याकडे कुठून आला?”

मी म्हटलं, “आधी हे खरं की खोटं ते सांगा.”

अध्यक्ष ताईकडे वळले. ताई माइकपाशी वाकली. “खरं आहे,” म्हणाली. दोनच शब्द.

प्रस्ताव पुढच्या बैठकीपर्यंत स्थगित! काचवालीनं मला मिठी मारली. साबणाचा वास येतो तिला.

शनिवार, १५ मार्च

निलंबन. गणवेशात सभेला जाऊन गोपनीय कागद वाचल्याबद्दल. कंट्रोलरनं बिल्ला मागितला, तेव्हा खाली बघत होता. फलकासमोर ज्याला हसू आवरत नव्हतं, तोच! म्हणाला, “माझी बायकोही बसनंच जाते हो.” तर मग हे आधी का नाही बोललास बाबा?

मंगळवार, १८ मार्च

घरी. आईच्या मागे मागे फिरते आणि तिच्या कामात लुडबुड करते. आई म्हणाली, “हिला गाडी तरी द्या रे कुणीतरी.”

गुरुवार, २० मार्च

दुपारी ताई आली. आई शेजारी गेली होती. बसली नाही, उभ्याउभ्याच बोलली.

“फाइल मी विसरले नव्हते.”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा वाटलं आनंद व्हायला हवा. झाला नाही. अंगाचा तिळपापड झाला!

“म्हणजे माझ्या खांद्यावर बंदूक ठेवलीस! माझी नोकरी गेली तरी चालेल, तुझी खुर्ची हलता कामा नये!”

“मोटारींवरच शुल्क घ्या, असं मी आत तीनदा लिहून दिलं होतं. तीनदा कागद परत आला. बाहेर बोलले असते तर तो कागद कपाटात गेला असता आणि मी घरी. तुझ्यामागे माणसं होती. माझ्यामागे कोण आहे?”

“सही तुझी आहे!”

“हो. सही माझी आहे.”

“मग मला विचारायचं होतंस! सरळ तोंडानं! मी नाही म्हटलं असतं का? भित्री आहेस तू, ताई. पहिल्यापासून भित्री.”

तिनं पर्स उचलली आणि गेली. मला वाटलं, ओरडेल निदान. आयुष्यात एकदा तरी ओरडेल.

सोमवार, २४ मार्च

चौकशी. लांबलचक टेबलापलीकडे तिघं. मधल्या बाईंनी विचारलं, “कागद कुणी दिला?”

सकाळपर्यंत ठरवलं होतं, खरं सांगायचं. तिनं मला वापरलं, मी का लपवू? तोंड उघडलं, आणि निघालं – “बसमध्ये सापडला. मागच्या सीटखाली.”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. “नक्की?” बाईंनी विचारलं. आवाज मऊ होता.

“नक्की.”

त्यांनी लिहून घेतलं. सही केली मी. आता आमच्या घरात दोन सह्या आहेत, लाज वाटायला लावणाऱ्या. बाहेर आल्यावर स्वतःचाच इतका राग आला की भर रस्त्यात मोठ्यानं बोलले.

गुरुवार, २७ मार्च

भाडेवाढ रद्द! मोटारींवर शुल्क, सकाळी सात ते अकरा! काचवालीनं फोन केला, मागे सगळ्या जणी एकदम बोलत होत्या, एक अक्षर कळलं नाही. आई रडली. ताईचा फोन नाही. मीही केला नाही.

शनिवार, २९ मार्च

डेपोत बोलावलं. बिल्ला परत, सोबत पत्र. ‘कागद स्वतः बाहेर दिल्याचे संबंधित अधिकाऱ्याने दि. २१ रोजी लेखी मान्य केले असून त्यांचा राजीनामा स्वीकारण्यात आला आहे. सबब आपला जबाब विचारात घेतलेला नाही.’

एकवीस. मी तिला भित्री म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी त्या तिघांसमोर खोटं बोलत होते, तेव्हा तिचं पत्र त्यांच्या पुढ्यात होतं.

फोन केला. उचलत नाही. पुन्हा केला. उचलत नाही. आई म्हणते, जरा थांब. नाही थांबत. निघाले.