पिस्तुलाचं पाच मिनिटांचं काम

४ मे, रविवार
आजपासून रोजनिशी. सप्टेंबरात मी जिंकलो की लोक विचारतील, डॉक, जमवलंत कसं? तेव्हा तारीखवार पुरावा हाताशी हवा.

परिस्थिती अशी. १४ सप्टेंबरला आमच्या नेमबाजी क्लबची निवड स्पर्धा. स्टॉक गट म्हणजे पिस्तूल दुकानातून आलं तसंच वापरणाऱ्यांचा गट. त्यात जो पहिला येतो तो क्लबतर्फे आयोवाच्या राज्यस्पर्धेला जातो आणि कँटीनमधल्या लाकडी फळ्यावर त्याचं नाव रंगवतात. फळ्यावर ऑरिन प्यू हे नाव चार वेळा आहे. ऑरिन न्हावी आहे. मेरिट ऑस्ट्रँडर हे नाव एकदाही नाही. पस्तीस वर्षं मी या गावाचे दात काढले. निवृत्त झालो त्याच्या तिसऱ्या दिवशी माझी पाटी उतरली आणि तिथे मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याची लागली. मला त्या फळ्यावर नाव हवंय. झालं, लिहून टाकलं.

११ मे
क्लबवर साठ गोळ्या. अकरा जणांत नववा. दोष सापडला: माझ्यात नाही, पिस्तुलात आहे. चाप ओढताना खरखरतो. इतकी वर्षं नाजूक हत्यारं धरलेल्या बोटांना ते लगेच कळतं, न्हाव्याला कळणार नाही.

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला व्हर्नाने आणि मी एकसारखी दोन पिस्तुलं घेतली होती. तिचं अजून पेटीतच आहे बिचारं.

ठराव: किरकोळ सुधारणा करायची. नियमात किरकोळ बदल चालतात असं क्लबचा सेक्रेटरी हॅस्केल म्हणाला आणि त्याने अठ्ठावीस पानी नियमपुस्तक हातात कोंबलं. तळघरातलं कामाचं टेबल डुगडुगत होतं. पुस्तक त्याच्या पायाखाली नेमकं बसलं.

१५ मे, गुरुवार. सकाळी १०
पिस्तूल उघडलं. दातांना पॉलिश करायचं जुनं मशीन काढलं. पाच मिनिटांचं काम.

दुपारी ४
अजून उघडंच आहे. सराव: शून्य (पिस्तूल उघडं).

व्हर्ना चर्चच्या केक समितीत गेली. आता दर गुरुवारी जाणार म्हणे. जाऊ दे, तिलाही काहीतरी छंद हवाच.

२४ मे, शनिवार
स्प्रिंग उडाली. एवढीशी, तांदळाच्या दाण्याएवढी. तळघरात नीट दिसत नाही म्हणून मी वर स्वयंपाकघरात उजेडाला बसलो होतो. दोन तास गुडघ्यांवर रांगत शोधली. व्हर्ना म्हणाली, मेरिट, काय हरवलंय? म्हटलं, काही नाही, व्यायाम. सराव: शून्य.

२५ मे, रविवार
स्प्रिंग सापडली. चर्चच्या सामुदायिक जेवणात, व्हर्नाने नेलेल्या बटाट्याच्या सॅलडमध्ये. नेमकी पाद्री लिंडक्विस्ट यांच्या दाताखाली आली. ते गाल धरून माझ्याकडेच धावले आणि म्हणाले, डॉक, तू भरलेली दाढ निखळली वाटतं! मी गंभीर चेहऱ्याने आ करायला लावलं, दोन बोटांनी स्प्रिंग काढून खिशात टाकली आणि म्हणालो, आता चिंता नको. चारचौघांत त्यांनी माझ्या हाताचं तोंड भरून कौतुक केलं. हात अजून तयार आहे, हेच यातून सिद्ध होतं.

स्प्रिंग मात्र वाकली. त्यांचे दात उत्तम आहेत, मीच सांभाळलेत.

८ जून
नवी, मऊ स्प्रिंग मागवून बसवली. आता चाप लोण्यासारखा. बोटाने नुसतं मनात आणलं तरी ओढला जातो. जाता जाता आतल्या सगळ्याच स्प्रिंगा मऊ करून टाकल्या. मग मुठीचं प्लॅस्टिक तापल्या सळईने टोचून खरखरीत केलं, पकड घट्ट व्हावी म्हणून. धुराचा अलार्म वाजला. ऑरिन उसनं नेलेलं गवत कापायचं मशीन परत द्यायला आला होता, त्याने मूठ पाहिली आणि विचारलं, डॉक, हे उंदरांनी कुरतडलं का रे? मत्सर माणसाला कुठे नेतो बघा.

सराव: शून्य (मूठ निवतेय).

१९ जून, गुरुवार
केक समितीहून व्हर्ना आली की कपड्यांना जळकट वास येतो. आज सौम्य शब्दांत सांगितलं की ओव्हन जरा मंद ठेवत जा. ती म्हणाली, लक्षात ठेवीन हं. बाहीला तपकिरी कागदी टेपचे तुकडे चिकटलेले होते. केकची खोकी नीट बांधतात म्हणजे. आमची मंडळी कामसू आहेत.

४ जुलै
ऑरिनच्या अंगणात सगळे जेवायला. मक्याची कणसं, बर्गर, वर डास. ऑरिनला सहज विचारलं, आठवड्याला किती गोळ्या मारतोस? म्हणाला, दोनशे. मला वाईट वाटलं. उपजत गुण नसले की माणसाला अशी मजुरी करावी लागते. त्याने विचारलं, तुझ्या किती? म्हटलं, मी सध्या संशोधनाच्या टप्प्यावर आहे. व्हर्नाला ठसका लागला. पाणी दिलं.

२० जुलै
गोळी सुटल्यावर नळी वर उसळते, म्हणून पुढे खाली पितळेचा तुकडा बसवला. गोळ्यांचं मॅगझिन झटकन आत जावं म्हणून मुठीच्या तळाला नरसाळं. पुढची माशी, नेम धरायची ती खूण, व्हर्नाच्या नारिंगी नेलपॉलिशने रंगवली. सगळं मिळून किरकोळच. फक्त पिस्तूल आता कमरेच्या म्यानात मावत नाही. म्यान कापलं.

३ ऑगस्ट
जोडलं! एक भाग उरला. कंपन्या हल्ली एखादा जास्तीचा देतात वाटतं. डबीत ठेवला.

२८ ऑगस्ट, गुरुवार
ठराव: उद्यापासून रोज क्लबवर जाऊन शंभर गोळ्या. काही झालं तरी. लिहून ठेवतोय म्हणजे मोडता येणार नाही.

२९ ऑगस्ट
सकाळी चापातून बारीक कुईं असा आवाज आला. असं पिस्तूल घेऊन चारचौघांत जाणं शोभणार नाही. उघडलं. पाच मिनिटांचं काम.

७ सप्टेंबर, रविवार
काल जोडून झालं. आज क्लबवर गेलो तर स्पर्धेच्या तयारीसाठी मैदान बंद. हॅस्केल म्हणाला, डॉक, चार महिने कुठे होतास? आता थेट पुढच्या रविवारी ये बाबा. ठीक. घरीच तळघरात रिकाम्या पिस्तुलाने सराव केला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. तीसपैकी तीस नेम अचूक. (गोळी नव्हती, पण मला कळतं.)

आज कळलं की ऑरिनचा खांदा दुखावलाय, तो यंदा नाही. म्हणजे मैदान मोकळं! विजयाचं भाषण छोटं ठेवायचं. त्यात पाद्रींच्या दाढेचा उल्लेख टाळायचा.

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी ६
झोप छान. पॅनकेक तीन. व्हर्नाही येतेय, हातात एक पेटी. केक असणार. जिंकल्यावर कापायला आणलाय, समजूतदार आहे.

१४ सप्टेंबर. संध्याकाळी ७
क्रमाने लिहितो.

सुरुवातीला तपासणी. हॅस्केलने माझं पिस्तूल टपालाच्या काट्यावर ठेवलं. काटा बघितला, मला बघितलं, मग चष्मा लावून पिस्तूल बघितलं. नरसाळं, पितळ, मूठ. म्हणाला, डॉक, नियमपुस्तक वाचलंस का? म्हटलं, वापरात आहे. तो म्हणाला, यात दुकानातलं फक्त नाव उरलंय. हे स्टॉक गटात बसत नाही, तुला खुल्या गटात टाकतो. खुला गट म्हणजे दुर्बिणीवाली, लाल ठिपकेवाली, मोटारीच्या भावाची पिस्तुलं घेऊन येणारे लोक. मग विचार केला, ही एक प्रकारे बढतीच आहे.

माझी पाळी आली. टायमर वाजला. पिस्तूल उपसलं (म्यान फाटलं), नारिंगी माशी लक्ष्यावर धरली, लोण्यासारखा चाप ओढला.

टिक.

पुन्हा ओढला. टिक. सहा लक्ष्यं, सहा टिक. मऊ स्प्रिंगेत गोळी पेटवायचा जोरच उरला नव्हता, हे हॅस्केलने नंतर समजावलं. एखाद्या लहान मुलासारखं समजावलं. मागे बाकावर खांद्याला पट्टा बांधून ऑरिन बसला होता, तो ओरडला, डॉक, भूल देऊन मारतोस काय रे? सगळे हसले. मीही हसलो. हसताना जबडा दुखतो हे आज कळलं.

गुण: शून्य. खुल्या गटात शेवटचा. एकूणातही शेवटचा.

मग हॅस्केलने स्टॉक गटाला पुकारलं: व्हर्ना ऑस्ट्रँडर. मला वाटलं चुकून माझ्याऐवजी. तिने पेटी उघडली. केक नव्हता. पिस्तूल होतं, दुकानातून आलं तसंच, स्क्रूसुद्धा न हललेलं. उभी राहिली, आणि टायमर वाजला तशी ठाक, ठाक, ठाक. मी चाळीसहून जास्त वर्षं त्या बाईला ओळखतो. इतकी शांत मी तिला फक्त फोनवर माझे पेशंट टाळताना पाहिलंय.

स्टॉक गटात पहिली.

केक समिती नावाची समितीच नाही. दर गुरुवारी ती क्लबवर होती. ऑरिन शिकवत होता. तो जळकट वास दारूगोळ्याचा. टेपचे तुकडे लक्ष्यांवरची भोकं बुजवायचे, कारण आमच्यात एकाने मारलं की बाकीच्यांनी पुढच्यासाठी भोकं चिकटवायची असतात. गाडीत विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगितलं असतं तर तू माझंही पिस्तूल उघडलं असतंस.



१५ सप्टेंबर
पडून होतो. व्हर्नाने सूप आणून दिलं. मला फळ्यावर नाव हवं होतं, हे तिला मी कधी बोललो नव्हतो. आज बोललो. तिने माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, मेरिट, तू नुसत्या गोळ्या मारल्या असत्यास ना, तरी फळ्यावर आला असतास. हे सगळ्यात जास्त लागलं.

२१ सप्टेंबर, रविवार
हॅस्केलने फळ्यावर नाव रंगवलं. शिडी मी धरली. शेजारी ऑरिन उभा, वर पांढऱ्या रंगात: व्हर्ना ऑस्ट्रँडर. माझे डोळे पाणावले. रंगाचा वास उग्र होता. ऑरिन दुखऱ्या खांद्यानेच मला कोपर मारून म्हणाला, अर्धं नाव तुझंच आहे की रे डॉक. मी फळा पुन्हा वाचला. सुरेख दिसतं.

राज्यस्पर्धेला मीही जातोय, स्वयंसेवक म्हणून. काम: भोकांवर टेप चिकटवणं. आज सरावाला तिच्या दीडशे गोळ्या, माझा दीड रोल. हॅस्केल म्हणाला, इतकी नीट टेप लावणारा त्याने पाहिला नाही. भोक बुजवणं हा माझा पस्तीस वर्षांचा धंदा आहे, मी सांगितलं.

मात्र आज बाजूला उभं राहून एक गोष्ट लक्षात आली. व्हर्नाच्या पिस्तुलाचा चाप किंचित जड आहे. किंचितच. राज्य पातळीवर तो फरक पडू शकतो. ती भाजी आणायला गेलीय. पाच मिनिटांचं काम.

दुपारी ३:१५
तळघरात गेलो. टेबल पुन्हा डुगडुगतंय, नियमपुस्तक व्हर्नाने वाचायला नेलंय. पॉलिशचं मशीन सापडत नाही. तिची पेटी सापडली. तिला नवं कुलूप, आणि झाकणावर तपकिरी टेपची पट्टी, नीट सरळ लावलेली. त्यावर तिचं अक्षर:

मेरिट, नाही.