न धुतलेला स्फटिक

९ सप्टेंबर
धुणार नाही. आज मेहुण्यालाही हेच सांगितले.

बैठकीच्या खोलीतील कपाटात हिचे स्फटिक आहेत — चुनखडीच्या खाणीत सुरुंगानंतर कपारींत सापडलेले, क्रशरच्या तोंडातून वाचवलेले. खाणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करताना हिने ते रीतसर परवानगी घेऊन एकेक करून घरी आणले. सर्व लखलखीत, अपवाद शेवटच्याचा. तो मुठीएवढा, मधाच्या रंगाचा आणि अर्धा लाल मातीने माखलेला. आणला त्या संध्याकाळी मी पाण्याचे भांडे पुढे केले, तर म्हणाली, "होता तसा राहू दे की. धुवायला काय, जन्म पडलाय." पुढच्याच आठवड्यात ती गेली.

त्या मातीत अंगठ्याचा ठसा आहे. मधोमध एक तिरपी रेघ — भाजी चिरताना कधीतरी कापले असावे.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, दगडात जीव अडकवून बसू नका."
म्हणालो, "जीव माझा आहे. अडकेल तिथे अडकेल."

१२ सप्टेंबर
स्फटिकांचा व्यापारी आला. भिंगातून न्याहाळून म्हणाला, "सर, माल एक नंबर. मातीखाली टोक शाबूत असेल तर संग्रहालयसुद्धा घेईल. मऊ ब्रश फिरवला की झालं." त्याला चहा दिला, स्फटिक दिला नाही. उंबऱ्यावरून म्हणाला, "माती कुणी विकत घेत नसतं, सर."
"म्हणूनच ती सुरक्षित आहे."

१३ सप्टेंबर
कपाटाला कुलूप लावले.

१७ सप्टेंबर
लेक आली. ठशाकडे बराच वेळ पाहत राहिली. "बाबा, आईचा अंगठा एवढा मोठा होता?" ओल्या मातीत ठसा पसरतो, असे तिला समजावून सांगितले. आवाज आवश्यकतेपेक्षा अधिक चढला. "बरं, पसरतो," ती म्हणाली. त्या 'बरं'मध्ये हुबेहूब हिचा सूर होता.

२१ सप्टेंबर
खाणीतला ड्रिलवाला भेटायला आला. इतके दिवस धीर झाला नाही म्हणाला. कपाट उघडून दाखवले. मातीचा स्फटिक पाहताच तो ओशाळला. "अजून तसाच? बाईंना मीच काढून दिला होता. त्यांनी फडक्यातच घेतला, बोटसुद्धा लावलं नाही." त्याने आपला अंगठा ठशाशेजारी धरला. रुंद. मधोमध जुन्या जखमेची तिरपी रेघ.

"माझा घाणेरडा हात लागला, साहेब. पुसून देऊ का?"

"नको," मी म्हणालो. "होता तसा राहू दे."